नाताळची सुट्टी कुठून आली?



प्रत्येकाने आपल्या पोटापाण्याच्या कामापेक्षा वेगळ्या विषयावर दहा मिनिटं बोलायचं, असं संयोजकांनी ठरवलं. मी नाताळ निवडला; पण खरं सांगायचं तर हा विषय कामातूनच माझ्याकडे आला. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमचे ग्राहक अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिकडे सगळे रजेवर. त्या दिवसांत नवीन काही सुरू करायचं नाही आणि जे चालू आहे त्यावर इथून लक्ष ठेवायचं, असा शिरस्ता आहे. कितीही तातडीचं काम असो, ही सुट्टी हलत नाही. ती एवढी पक्की कशी झाली, या उत्सुकतेने वाचायला लागले.

२५ डिसेंबर ही तारीख जुनी आहे. रोममध्ये ३३६ सालापासून तिची नोंद मिळते. पण इंग्रजी बोलणाऱ्या मुलखात मधे एक काळ असा आला की नाताळ साजरा करणं हाच गुन्हा ठरला. प्युरिटन पंथाची मंडळी कडक. त्यांचं म्हणणं, बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीखच दिलेली नाही आणि सणाच्या नावाखाली चालतो तो दारू पिऊन धुडगूस. त्यांच्या हाती सत्ता आली आणि १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने नाताळ रद्द केला. लोक ऐकेनात. कँटरबरी गावात तर दंगल झाली. १६६० मध्ये राजा परत आला, त्याच्यामागून सणही आला. समुद्रापलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कायदा झाला होता: नाताळासाठी काम बंद ठेवलं किंवा मेजवानी केली तर पाच शिलिंग दंड.

हा कायदा १६८१ मध्ये उठला. पण सण काही लगेच परतला नाही. पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ बॉस्टनमध्ये २५ डिसेंबरला कितीतरी दुकानं उघडी असत आणि माणसं कामावर जात. स्कॉटलंडमध्ये तर नाताळ सार्वजनिक सुट्टी झाला १९५८ साली. म्हणजे आपल्यातल्या काहींच्या आईवडिलांच्या हयातीतली गोष्ट!

आपण सिनेमात बघतो तो नाताळ बराचसा एकोणिसाव्या शतकात जमून आला. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. ही टपालव्यवस्था उभी करण्यात हेन्री कोल यांचा हात होता. १८४३ मध्ये त्यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन शुभेच्छापत्रं छापली. विक्रीला आलेलं ते पहिलं नाताळकार्ड, किंमत एक शिलिंग. नाताळचं झाड जर्मनीतलं. ते इंग्लंडच्या राजवाड्यात आधीच पोचलं होतं, पण १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट आणि मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र एका साप्ताहिकात आलं आणि झाड घरोघरी गेलं. १८५० मध्ये एका अमेरिकन मासिकाने तेच चित्र छापलं. फक्त राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा पुसून टाकल्या. झालं साधं अमेरिकन कुटुंब!

सांताक्लॉज म्हणजे मूळचे आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप निकोलस. डच लोकांच्या सिंटरक्लासमधून ते न्यूयॉर्कला पोचले. १८२३ च्या एका कवितेने त्यांना आठ रेनडिअरची गाडी दिली, तर थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून त्यांची गोल पोटाची, दाढीवाली मूर्ती पक्की केली. आणि आमच्या इंजिनिअर जातीचा वाटा म्हणाल, तर झाडावरचे विजेचे दिवे! एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ मध्ये ऐंशी छोटे दिवे लावून पहिलं झाड उजळलं.

पण सुट्टी? १८४३ च्या डिसेंबरातच डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ आलं. त्यातली भुतं सगळ्यांना आठवतात. मला आठवतो तो कारकून बॉब. वर्षातून एक दिवस भरपगारी रजा, आणि तीही मालकाच्या डोळ्यांत खुपते. पुढे १८७० मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या सरकारी नोकरांना नाताळची सुट्टी मिळाली. १८७१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये दुसरा दिवस, बॉक्सिंग डे, बँकांच्या सुट्ट्यांत आला. नोकरचाकरांना आणि फेरीवाल्या कामगारांना बक्षिसी द्यायचा तो दिवस.

या सगळ्यातून मी एक गोष्ट घेतली. बंदी घालून सण संपला नाही आणि बंदी उठल्याने परतलाही नाही. रूपं बदलली तरी काही बिघडलं नाही. मेलबर्नमध्ये डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा; तिथे १९३८ पासून लोक बागेत मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणतात, आणि तोही नाताळच. सण टिकला तो माणसांना एकत्र बसायला मोकळा वेळ मिळाला म्हणून.

आपल्यातले पुष्कळजण परदेशात आहेत. तिकडे दिवाळी ‘आपल्यासारखी’ होत नाही, असं दर वेळी ऐकते. फराळ विकतचा असेल, पणत्या बॅटरीच्या असतील. असू देत. त्या दिवशी रजा मात्र टाका.

आणि एक इथल्यांसाठी. माझ्या टीममध्ये वसईचा एक सहकारी आहे. नाताळ हा त्याच्या घरचा सण. अमेरिकेची सुट्टी सांभाळायची म्हणून नेमकी त्याचीच रजा अडते, ही आमच्या धंद्यातली रीत. आमच्या टीमचं डिसेंबरचं वेळापत्रक आता मी करते, आणि त्यात सगळ्यांत आधी त्याची रजा लिहिते. तुमच्यापैकी ज्यांच्या हातात असं वेळापत्रक आहे, त्यांनीही लिहावी.

आजच्या मेळाव्यालाही कोणी रजा काढून, कोणी दुकान बंद ठेवून आलंय.