मास्क नको, ऑपरेशन करून टाकू? घोरणं, थांबणारा श्वास आणि ‘जिभेचा पेसमेकर’

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय.)

आज घोरण्यावर बोलायचंय. हसलात ना? आमच्या केशोरीतही हसतातच. लग्नघरी एका सतरंजीवर दहा जण झोपले की सकाळी एकाची टिंगल ठरलेली. “रातभर ट्रॅक्टर चालवला बा यानं!”

पण त्या ट्रॅक्टरचा आवाज कधी नीट ऐकलाय? काही जणांचा तो मधेच बंद पडतो. दहा सेकंद, वीस सेकंद, काहीच नाही. छाती हलतेय, पण हवा आत जात नाहीये. मग एकदम गुदमरल्यासारखा मोठा श्वास, आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू. आजचा भाग त्या मधल्या शांततेवर आहे. तिला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि मऊ टाळू मागे येतात आणि हवेची वाट बंद होते. मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, वाट उघडते, पुन्हा झोप, पुन्हा बंद. तासाला किती वेळा असं होतं ते मोजतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर!

हा काही फक्त मोठ्या शहरातल्या लठ्ठ शेठजींचा आजार नाही. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास केला होता, २००४ साली तो छापून आला. साधी आरोग्य तपासणी करायला आलेले लोक होते ते. त्यांच्यात लक्षणांसकट हा आजार साडेसात टक्के निघाला. आणि १५ फेब्रुवारी २०२२ ला बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी हेच नाव सांगितलं होतं. दिवसा डुलक्या, सकाळी डोकं दुखणं, गोळ्या घेऊनही न उतरणारं बीपी, गाडी चालवताना लागलेली झापड, या सगळ्याच्या मागे तो लपलेला असू शकतो.

आता मुद्द्यावर येते. आमच्या मामांना तपासणीत एएचआय चाळीसच्या वर निघाला. सीपॅप मशीन घेतलं. नाकावर मास्क, त्यातून सतत हवेचा दाब, म्हणजे घसा आतून उघडा राहतो. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय जगापुढे आणला, आणि आजही पहिला उपाय हाच. पण मामांनी बारा दिवस लावलं आणि मशीन गेलं आलमारीवर, डब्यासकट. कारणं तुम्हीही सांगू शकाल. नाक बंद होतं, तोंड कोरडं पडतं, पट्टा गालात रुततो, आणि पावसाळ्यात जरा वारा सुटला की आमच्याकडे लाईन जाते. लाईन गेली की मशीनही बंद. मग मामांच्या मुलानं मोबाईलवर एक रील दाखवलं. छातीत छोटं यंत्र बसवतात, झोपताना रिमोट दाबायचा, मास्कची भानगडच नाही. मामा म्हणाले, “हेच करून टाकू. शेती थोडी विकू पाहिजे तर.”

शेती विकायची गोष्ट निघाली म्हणून हा भाग करतेय.

ते यंत्र खरं आहे, रीलवाल्यानं थाप मारलेली नाही. जीभ पुढे ढकलणारी एक नस असते. गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत यंत्र बसवतात, त्याची तार त्या नसेपर्यंत नेतात. झोपेत ते नसेला हलका झटका देत राहतं, म्हणजे जीभ मागे पडत नाही. अमेरिकेत ‘इन्स्पायर’ नावाच्या यंत्राला २०१४ मध्ये परवानगी मिळाली. ज्या अभ्यासावर ती मिळाली त्यात १२६ रुग्ण होते, आणि वर्षभरात त्यांचा मधला एएचआय २९ वरून ९ वर आला. चांगला आकडा आहे, मी नाकारत नाही.

पण ते १२६ जण कसे निवडले होते, ते रीलमध्ये कुणी सांगत नाही. सगळे मास्क न झेपलेले. फार लठ्ठ माणसं घेतलीच नव्हती. आणि आधी झोपेचं औषध देऊन घशात दुर्बीण घालून पाहिलं होतं, की घसा नेमका कुठे आणि कसा बंद होतो. ज्यांचा टाळूजवळचा भाग चारही बाजूंनी पिशवीच्या तोंडासारखा आवळला जात होता, त्यांना वगळलं. कारण साधं आहे. तिथे जीभ पुढे ओढून फारसा फायदा होत नाही. म्हणजे यंत्र चांगलं की वाईट हा प्रश्नच अर्धवट आहे. वाट कुठे बंद होते, ते कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आणखी एक. यंत्र बसवलं की काम संपत नाही. काही आठवड्यांनी ते चालू करतात, झटका किती जोराचा हवा ते ठरवतात, पुन्हा झोपेची तपासणी करतात. साधारण अकरा वर्षांनी बॅटरीसाठी परत छोटं ऑपरेशन. केशोरीहून नागपूरला जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो. तार सरकली, झटका टोचायला लागला, तर बघणारा माणूस कुठे बसतो? हे पैसे भरायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

बाकीची ऑपरेशनं जुनी आहेत. टाळूचं आणि पडजिभेचं ऑपरेशन सगळ्यात जास्त ऐकलेलं. स्वीडनमध्ये ६५ रुग्णांवर नीट चाचणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशन झालेल्यांचा सरासरी एएचआय ५३ वरून २१ वर आला. मोठी घट आहे. पण २१ म्हणजे अजून मध्यम आजार! सर्जन ‘यशस्वी’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा अर्थ असा असतो की आकडा निम्मा झाला आणि वीसच्या खाली आला. आपल्या कानाला ‘यशस्वी’ म्हणजे ‘बरा झाला’ ऐकू येतं. हा फरक डॉक्टरांना स्पष्ट विचारा, राग नाही येत त्यांना. आला तर दुसरे डॉक्टर बघा.

सगळ्यात जोरदार ऑपरेशन जबड्याचं. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे कापून साधारण सेंटीमीटरभर पुढे आणून स्क्रूनं बसवतात, म्हणजे मागची वाटच रुंद होते. ६२७ रुग्णांचे निकाल एकत्र करून पाहिले तेव्हा सरासरी एएचआय ६४ वरून साडेनऊवर आलेला दिसला. पण मोठं ऑपरेशन आहे, ओठ-हनुवटी बधिर राहू शकते, चेहरा थोडा बदलतो. ज्यांचा खालचा जबडा मुळात लहान आणि मागे आहे, त्यांच्यासाठी विचार करण्यासारखं.

नाकाचा वाकडा पडदा सरळ केला की ॲप्निया जाईल, असं अनेकांना वाटतं. एकट्या त्यानं सहसा जात नाही. पण गंमत अशी की नाक मोकळं झालं की तोच नकोसा मास्क सहन होतो, कधी दाबही कमी पुरतो. मामांच्या बाबतीत मला सगळ्यात आधी हेच तपासावंसं वाटतं. त्यांचं एक नाक कायम बंद असतं, मिरची तोडायच्या दिवसांत तर दोन्ही. शिवाय मास्कचे प्रकार असतात, हवा ओलसर करणारं भांडं असतं, लाईन गेल्यावर चालणारी बॅटरी असते. शेतीपेक्षा स्वस्तच पडेल ना! दातांचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारी पट्टी बनवून देतात, सौम्य-मध्यम आजारात ती बऱ्यापैकी चालते. वजन दहा टक्के उतरलं तर आकडा साधारण पाव हिश्शानं उतरतो. आणि रात्रीची मोहाची बंद. दारूनं घसा आणखी सैल पडतो, झोपेच्या गोळीनंही पडू शकतो.

लहान मुलांचं मात्र उलट आहे, हे वेगळं लक्षात ठेवा. तोंड उघडं टाकून घोरणारं, झोपेत घामाघूम होणारं, वर्गात चिडचिड करणारं पोर असेल तर बहुतेक वेळा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी कारण असतात. तिथे त्या काढण्याचं ऑपरेशन हाच सहसा पहिला उपाय. तिथे “मोठा झाल्यावर जाईल” म्हणत वर्षं घालवू नका.

तुम्ही आज काय करू शकता? तुमच्या हातात मोबाईल आहे. घरातलं कुणी असं झोपत असेल तर त्यांना विचारून दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, शांतता आणि गुदमरणं दोन्ही येऊ द्या. स्टेटसला नाही, डॉक्टरांना दाखवायला. आधी झोपेची तपासणी, ती घरी यंत्र देऊनही होते. नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटीत झोपेच्या आजारांकडे बघणारे डॉक्टर आहेत, थेट महागड्या ठिकाणी धावायची गरज नाही.

आणि हर्निया असो, पित्ताशय असो, कोणतंही ऑपरेशन ठरलं तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ॲप्नियाबद्दल आधीच सांगा. भूल उतरताना घसा पुन्हा बंद पडू शकतो. मशीन घरात असेल तर आलमारीवरून काढा, धूळ पुसा आणि दवाखान्यात सोबत न्या.