जीव घाबरतो, म्हणजे नेमकं काय?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला नोकरीतल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं होतं. पण सकाळपासून बघतेय, चार जण एकत्र आले की विषय एकच निघतो : आई-बाबांची तब्येत. साखर, गुडघे, मोतीबिंदू यांवर आपण मोकळेपणाने बोलतो. ज्यावर बोलत नाही, त्याबद्दल आज पाच मिनिटं घेते.

माझी आई 74 वर्षांची. लालबागची चाळ पाडून टॉवर झाला आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर गेलो. बाबा त्याआधीच गेले होते. चाळीत दार दिवसभर उघडं असायचं, इथे ते बंद. आई रात्री दोनला उठून बसायला लागली. छातीत धडधड, पोटात गोळा, हाताला घाम. लिफ्टमध्ये एकटी जाईना. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. "काही झालेलं नाही" हे ऐकून तिला बरं वाटेल असं आम्हाला वाटलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मी सोंग करते का?"

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तिला नीट सांगितलं. हृदय चांगलं आहे, पण धडधडही खरी आहे. धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवत राहतं, याला चिंताविकार म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढताच आई म्हणाली, "मला वेड लागलेलं नाही. संपात दिवस काढलेत मी."

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या घरी ऐकू येईल. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्या घरांमधल्या बायकांनी खानावळी चालवल्या, दागिने मोडले, मुलं शिकवली. घाबरायला त्यांना सवडच नव्हती. म्हणून आजही "मला भीती वाटते" असं त्या म्हणत नाहीत. "झोप नाही", "गॅस झालाय", "चैन पडत नाही" असं म्हणतात.

आम्ही नावावरून वाद घातला नाही. झोपेची तक्रार तिला मान्य होती, तर झोपेसाठी म्हणून गेलो. आजाराचं नाव तिथे डॉक्टरांनीच तिला समजावलं. थोड्या मात्रेत औषध आणि सोबत समुपदेशन सुरू झालं. ही औषधं लागू पडायला काही आठवडे जातात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून सोडायची नाहीत. धडधड आजही पूर्ण गेलेली नाही. पण आई लिफ्टने एकटी खाली उतरते आणि लालबाग मार्केटमधून भाजी आणते.

निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता-नैराश्यासारखे आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे 85 जणांना उपचारच मिळत नव्हते. बरं, मदत म्हणजे नेहमी मोठा तज्ज्ञच लागतो असंही नाही. गोव्यात साठीपुढच्या, उदासीची लक्षणं असलेल्या 181 जणांवर एक अभ्यास झाला. प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी त्यांना अडचणी कशा सोडवायच्या, झोप कशी सांभाळायची हे शिकवलं. वर्षभरात त्यांतल्या 91 पैकी चौघांना नैराश्य आलं, तर नेहमीचीच देखभाल मिळालेल्या 90 पैकी 13 जणांना.

आता कामाच्या गोष्टी. छातीत नव्याने दुखलं तर आधी हृदयाची तपासणी, मग बाकीचं. परळला केईएममध्ये आणि मुंबई सेंट्रलला नायरमध्ये मनोविकार विभाग आहेत. टेलिमानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायचं आहे, तेव्हा पॉलिसी वाचा. आणि घरातला औषधांचा डबा उघडून बघा. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर या वयात तिने तोल जातो, विसरायला होतं. मात्र ती एकदम बंद करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

सर, बाई, आज तुमच्यापैकी कितीतरी जण सत्तरीपुढे आहात. काहींची मुलं परदेशात आहेत, आपल्या वर्गातलेही अनेक जण मुंबईबाहेर आहेत. सगळ्यात अवघड असतं ते केसपेपरच्या रांगेत पहिल्यांदा उभं राहणं. म्हणून माझी एक सूचना आहे. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यात आपण जे अजून राहतो, त्यांनी महिन्यातली एक सकाळ राखून ठेवू या. कुणाच्या आईला, कुणाच्या वडिलांना, आपल्या बाईंना किंवा सरांना सोबत हवी असेल तर आपल्यातलं कुणीतरी जाईल. बाहेर दारात एक वही ठेवली आहे. पहिलं नाव मी लिहिलंय. जेवायला जाताना तुमचंही लिहा.