पगारपत्रकावरची आरोग्यव्यवस्था



सोयाबीन घरात आलं, तूर शेंगांवर आहे आणि हरभऱ्याचं पाणी चालू आहे. अशा दिवसांत तुम्ही आरोग्य कर्मचारी आणि केनवडकर मंडळींनी या संमेलनासाठी वेळ काढलात, त्याबद्दल आधी आभार मानतो. संयोजकांनी मला आफ्रिकेतल्या आरोग्यव्यवस्थांच्या बळकटीकरणावर बोलायला सांगितलं आहे. रिसोड तालुक्यात आफ्रिका कशाला, असं चहाच्या वेळी कुणीतरी विचारलंच. प्रश्न रास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2006 सालचा अहवाल आरोग्य कर्मचाऱ्यांवर काढला होता. जगातल्या आजारांच्या ओझ्यातला जवळजवळ चौथा हिस्सा आफ्रिकेवर होता आणि जगातले जेमतेम तीन टक्के आरोग्य कर्मचारी तिथे होते. माणसांची तीव्र टंचाई असलेले 57 देश त्या अहवालाने मोजले. त्यांतले 36 सहाराच्या दक्षिणेकडचे होते आणि उरलेल्यांत आपला भारतही होता. पुढे 2018 मध्ये केंद्राने विकासात मागे पडलेल्या 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर आपल्या वाशिमचं नाव आलं. त्यामुळे आफ्रिकेकडे बघून हळहळण्याइतके आपण दूर नाही. रांग एकच आहे, फक्त कोणी दोन पावलं पुढे आहे, कोणी मागे.

मग पुढे कोण गेलं? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली जामखेडला आले. दुष्काळी मुलूख, रस्ते नाहीत, डॉक्टर टिकत नाहीत. त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. गरोदर बाई तपासणं, बाळाचं वजन घेणं, जुलाब लागलेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी देणं हे सगळं त्यांना शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडचं प्रकरण होतं. तीन वर्षांनी अल्मा-आटा इथे 'सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा झाली, तिच्यामागे ज्या मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता त्यांत आपल्या नगर जिल्ह्यातल्या या बायकांचाही होता. पुढे आफ्रिकेसह कितीतरी देशांतले लोक जामखेडला येऊन शिकून गेले.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं, गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे एक साधं यंत्र केलं होतं. लहान मुलाला न्यूमोनिया आहे की नाही हे श्वास मोजून कळतं. पण जिला साठपर्यंत मोजता येत नाही त्या दाईने काय करायचं? म्हणून एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर बाळाला न्यूमोनिया. स्टेथोस्कोप नको, पाटी-पेन्सिल नको. आरोग्यव्यवस्थेची साधनसामग्री म्हटलं की आमच्यासारख्या डॉक्टरांच्या डोळ्यापुढे एमआरआय येतो. माझ्या मते या मण्यांचा नंबर त्याच्या बराच वर लागतो.

त्यानंतर याच मंडळींनी 39 गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब देणं, स्तनपान, श्वास घेत नसेल तर नळी आणि पिशवी वापरणं, आणि जंतुसंसर्ग असेल तर जेंटामायसिनचं इंजेक्शन. गावची बाई इंजेक्शन देणार म्हटल्यावर आमच्या व्यवसायातल्या थोरामोठ्यांच्या भुवया उंचावल्या. निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: हजारामागे 62 असलेला नवजात मृत्युदर 25 च्या आसपास आला होता. भारत सरकारने 2011 मध्ये घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याचं काम आशांकडे दिलं. इथल्या प्रत्येक आशाताईला ते भेटींचे दिवस तोंडपाठ आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. काम दिलं, इंजेक्शन मात्र दिलं नाही.

आता इथिओपिया. त्या देशाने 2003 मध्ये आरोग्यविस्तार कार्यक्रम सुरू केला. जामखेडचा कित्ता गिरवला असं मी म्हणणार नाही, त्यांनी धडा घेतला तो स्वतःच्याच शेतीविस्तार योजनेतून. दहावी झालेल्या मुली निवडल्या, पूर्ण एक वर्ष प्रशिक्षण दिलं आणि साधारण पाच हजार वस्तीमागे दोघी नेमल्या. काही वर्षांतच त्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. मुद्दा पुढेच आहे. त्या सरकारी नोकर आहेत, त्यांना दरमहा पगार आहे. 2013 पासून त्यांना आजारी नवजात बाळाला जेंटामायसिन टोचायची परवानगीही आहे. आपल्याहून किती तरी गरीब असलेल्या देशाने हे केलं. तिथला पाच वर्षांखालच्या बालकांचा मृत्युदर 1990 च्या तुलनेत एक तृतीयांशावर आला, तोही संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या 2015 च्या मुदतीच्या आधी.

सगळं श्रेय या मुलींचं नाही. मच्छरदाण्या होत्या, लसी होत्या, परदेशी पैसाही होता. शिवाय त्याही कामाच्या ओझ्याने वाकलेल्या आहेत, बदलीसाठी अर्ज करतात. तरीही पगारपत्रकावर नाव असणं आणि कामागणिक मोबदल्याची वाट बघणं यात काय फरक आहे, तो या मंडपात मी समजावून सांगायची गरज नाही. सहा भेटी पूर्ण, फॉर्म पूर्ण, सही पूर्ण, मग अडीचशे रुपये. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा जागतिक गौरव केला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातल्या आशा संपावर होत्या.

पैशाचं बोलू. आफ्रिकेतल्या राष्ट्रप्रमुखांनी 2001 मध्ये अबुजा इथे ठरवलं की अंदाजपत्रकाचा 15 टक्के हिस्सा आरोग्याला द्यायचा. बहुतेकांना ते जमलं नाही, त्यांची भिस्त देणगीदारांवर राहिली. 2025 मध्ये अमेरिकेने आपली यूएसएआयडी ही संस्था मोडीत काढली आणि त्या पैशावर चाललेल्या किती तरी दवाखान्यांची दारं एकाएकी बंद झाली. दुसऱ्याच्या विहिरीवर बागायत करणाऱ्याची जी गत होते ती त्यांची झाली. आपल्याकडे 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना 8 टक्क्यांचं लक्ष्य 2020 पर्यंत गाठायला सांगितलं होतं. महाराष्ट्र, इतका श्रीमंत, त्याच्या बराच मागे राहिला. आकांक्षित जिल्ह्यांचा डॅशबोर्ड दरमहा आपला नंबर सांगतो. तो मोजतो चांगलं, पण रिक्त पदं भरत नाही.

आपण आफ्रिकेला काहीच दिलं नाही असंही नाही. 1996-97 मध्ये तिथल्या मेंदूज्वराच्या पट्ट्यात, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार मेले. बड्या कंपन्यांना त्यावरच्या लशीत रस नव्हता. ती बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोपासून सुरुवात झाली आणि पुढे तीस कोटींवर लोकांना ती टोचली गेली. 'ए' प्रकारचा मेंदूज्वर तिथून जवळपास नाहीसा झाला. ही लस चाळीस अंशांच्या आत चार दिवस बर्फाशिवाय टिकते, म्हणजे शेवटच्या गावापर्यंत बर्फाचे डबे वाहायला नकोत. पण लशीला पाय नसतात, ती घेऊन चालणारं माणूस तिथे होतं.

माणूस आधीपासून तिथे असलं तर काय होतं ते नायजेरियाने दाखवलं. 2014 मध्ये लागोससारख्या अफाट शहरात इबोला शिरला. पोलिओसाठी उभी केलेली यंत्रणा तशीच त्या कामाला जुंपली, संपर्कातल्या माणसांचा घरोघर माग काढला आणि साथ 20 रुग्णांवर थांबली. पश्चिम आफ्रिकेतल्याच लायबेरियात अशी यंत्रणा नव्हती, तिथे हजारो गेले. कोविडमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार कोण फिरलं हे केनवडला विचारा, घर क्रमांकासहित सांगतील.

म्हणून या संमेलनाच्या ठरावांत मला तीन ओळी हव्या आहेत. आशांना ठरावीक मासिक वेतन आणि निवृत्तीची सोय द्या. ज्यांना प्रशिक्षण दिलं त्यांना औषधही हातात द्या, गडचिरोलीत आणि इथिओपियात जमतं तर वाशिममध्ये का जमू नये? आणि जिल्ह्याच्या आरोग्य आराखड्याच्या बैठकीत गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना खुर्ची असावी, नुसती हजेरी नको.

जेवणानंतरच्या सत्रात आशाताई बोलणार आहेत. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या साहेबांना माझी विनंती आहे की उद्घाटन झालं म्हणून गाड्या काढू नयेत. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी संध्याकाळपर्यंत राखून ठेवल्या आहेत.