नाशिकरोडचे तिकीट



संज्ञापन, संस्कृती आणि विकास यांच्या सिद्धान्तांवर या परिषदेत खल करायला नाशिकच का, असे विचारणाऱ्यांना स्वागत समितीने पहिल्याच बैठकीत उत्तर देऊन टाकले: नाशिकरोड!

हिंदुस्थानची टपाल तिकिटे एके काळी लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात आणि बोटीने येत. १९२५च्या सुमारास हे काम नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसकडे आले. नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची १९३१ची चित्रमय तिकिटे इथलीच. तिरंगा आणि ‘जय हिंद’ मिरवणारे, २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालेले स्वतंत्र भारताचे पहिले तिकीटही इथलेच. १९४८ची गांधीजींची तिकिटे तेवढी स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. त्याचा राग स्वागताध्यक्षांना आजही आहे. भारतीय प्रतिनिधींनी आपला पासपोर्ट काढून पाहावा. तोही नाशिकचाच.

समितीतल्या तरुण सदस्यांनी प्रेसपुराण आटोपते घ्या, अशी चिठ्ठी पाठवली आहे. म्हणून आता विषयाकडे.

विकासात प्रसारमाध्यमांचा वाटा काय, यावरची डॅनियल लर्नर (१९५८) आणि विल्बर श्रॅम (१९६४) यांची पुस्तके आज सगळे उद्धृत करतात. ती यायच्या आधी, १९५६ साली, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालवली. त्या पाचांत नाशिक होते. आठवड्यातून दोनदा मंडळी जमत, अर्धा तास ऐकत आणि कार्यक्रम संपला की वाद घालत. शंका पुण्याला कळवल्या जात, पुढे त्यांची उत्तरे रेडिओवरून येत. ज्या टपालाने त्या शंका जात, त्यावरचे तिकीट कुठले, हे वेगळे सांगायला नको.

मंडळांची कल्पना मूळ कॅनडाची. पाहणी केली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ यांनी. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत माहिती जास्त रुजली, असे त्यांना आढळले. ऐकणाऱ्याला उलट बोलू द्यावे, एवढेच त्यातले मर्म. पुढे सिद्धान्तकारांनी त्यावर ग्रंथ लिहिले. त्या ग्रंथांत नाशिकच्या त्या शेतकऱ्यांना तळटीपेपेक्षा जास्त जागा मिळायला हवी होती.

व्यवस्थेबद्दल मात्र समिती हात जोडते. कुंभाच्या कामांमुळे रस्ते खणलेले आहेत, निवास तीन ठिकाणी विखुरलेला आहे आणि मिसळ परदेशी पाहुण्यांना तिखट लागेल. ताक भरपूर ठेवले आहे.

देणगीदारांचे ऋण तर फेडता न येणारे. पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या भिंतीवर क्षत्रप राजाचा जावई उषवदात याने आपली देणगी कोरून ठेवली: दोन हजार कार्षापण नाणी एका कोष्टी श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे पाऊण टक्क्याने. व्याजातून भिक्षूंचा खर्च भागावा, मुद्दल मोडू नये! आमच्या द्राक्षबागायतदारांनी, पंचवटीतल्या व्यापाऱ्यांनी आणि प्रेसच्या निवृत्त कामगारांनी दिलेल्या रकमांचे मुद्दल मात्र मंडपवाल्याकडेच संपले. त्यांची नावे स्मरणिकेत आहेत. एखादे राहिले असेल तर आजच कार्यालयात सांगावे.

पांडवलेण्यांची बस उद्या सकाळी सातला सुटेल. पायऱ्या पुष्कळ आहेत, पाण्याची बाटली सोबत घ्यावी.