लॉस एंजेलिसचें क्रीडागार आणि त्याखालची जमीन

बेसबॉल हा खेळ मराठी श्रोत्यांच्या फारशा परिचयाचा नाहीं. परंतु क्रिकेटशीं त्याचें नातें जवळचें असल्यामुळें त्याच्या क्रीडागाराची कल्पना करणें कठीण जाऊं नये. मैदान पाचरीच्या आकाराचें. पाचरीच्या टोकाशीं फलंदाज उभा. आणि त्या टोकाच्या दोन्ही अंगांस प्रेक्षकांचे सज्जे एकावर एक चढत गेलेले. अमेरिकेंत हा खेळ धंदा म्हणून चालतो. संघाला मालक असतो, खेळाडूंना पगार असतो, आणि एका हंगामांत घरच्या मैदानावर सुमारें 80 सामने होतात. म्हणजे क्रीडागार हें संघाचें दुकानच होय. तें कोठें मांडावें, कोणाच्या पैशानें बांधावें आणि त्यासाठीं जागा कोणाची घ्यावी हें एकदां ठरलें, कीं सिमेंट-लोखंडाचें काम इंजिनियर लोक बिनबोभाट उरकतात. लॉस एंजेलिस येथील डॉजर क्रीडागाराची हकीकत ऐकली म्हणजे ह्या तिन्ही प्रश्नांत जागेचा प्रश्न किती अवघड, हें ध्यानांत येतें.

हा संघ मूळचा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतला. तेथील एबेट्स फील्ड हें त्याचें क्रीडागार 1913 सालीं उघडलेलें. त्यांत सुमारें 32,000 प्रेक्षक मावत, आणि मोटारी उभ्या करण्यास सोय सातशेंचीच. मालक वॉल्टर ओमॅली हे पेशानें वकील. नवें क्रीडागार स्वतःच्या खर्चानें बांधण्यास ते तयार होते; मात्र रेल्वे स्टेशनाजवळची, अनेक मालकांत वांटली गेलेली जागा शहरानें आपल्या अधिकारानें एकत्र करून आपणांस विकावी, एवढीच त्यांची मागणी होती. ह्या ‘एवढीच’ शब्दांतच सारी मेख आहे. शहराच्या बांधकामांत ज्यांचा शब्द अखेरचा समजला जाई, त्या रॉबर्ट मोझेस ह्यांनीं ती साफ नाकारली. खाजगी धंद्यासाठीं लोकांच्या जमिनी सक्तीनें घेणें हें सार्वजनिक कार्य नव्हे, असें त्यांचें म्हणणें. मोझेस ह्यांनीं स्वतः रस्त्यांसाठीं हजारों कुटुंबें उठविलीं होतीं, त्यामुळें हें तत्त्व त्यांच्या तोंडीं कांहींसें विनोदी वाटतें; तरी तत्त्व म्हणून तें खोटें नव्हतें. त्यांनीं सुचविलेली क्वीन्स भागांतली जागा ओमॅलींना रुचली नाहीं. 1957 चा हंगाम संपला आणि संघ देशाच्या दुसऱ्या टोकास, लॉस एंजेलिसला निघून गेला.

तेथें शहराच्या मध्यभागापासून जवळच चावेझ रॅव्हीन नांवाची टेकड्यांची जागा होती. ला लोमा, पालो व्हर्दे आणि बिशप अशा तीन वाड्यांतून मेक्सिकन वंशाचीं शेंकडों कुटुंबें तेथें राहत. रस्ते कच्चे, घरें साधीं. पण पुष्कळांचीं स्वतःच्या मालकीचीं. शाळा होती, देऊळ होतें, परसांत कोंबड्या-शेळ्या होत्या. 1950 च्या जुलैंत त्यांना सरकारी गृहखात्याचीं पत्रें आलीं. येथें गरिबांसाठीं नवी वसाहत उठणार आहे, तुम्हीं घरें विकावीं, आणि नव्या घरांत पहिला हक्क तुमचा, असा त्यांचा आशय होता. रिचर्ड नॉयट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर ह्या शिल्पकारांनीं तेरा मजली चोवीस इमारतींचा आराखडाही तयार केला. बहुतेक कुटुंबें निघून गेलीं. नंतर वारा फिरला. सरकारनें घरें बांधणें म्हणजे समाजवाद, अशी ओरड जमिनींच्या व्यापाऱ्यांनीं केली. 1953 सालीं त्या मताचे नॉरिस पोल्सन नगराध्यक्ष झाले आणि योजना बासनांत गेली. जमीन शहराकडे आली, ती सार्वजनिक कार्यासाठींच वापरावी ह्या अटीवर. दिलेला शब्द पाळण्याची गोष्ट मात्र पुनः कोणी काढली नाहीं.

ह्या ओसाड झालेल्या जमिनीवर ओमॅलींची दृष्टि गेली. 1957 च्या ऑक्टोबरांत करार ठरला. ओमॅलींनीं त्याच शहरांतील आपलें 9 एकरांचें लहान क्रीडागार शहरास द्यावें. शहरानें त्यांस टेकड्यांतील सुमारें 300 एकर जमीन द्यावी. सपाटीकरण व रस्ते ह्यांसाठीं शहर आणि जिल्हा ह्यांनीं मिळून 40 लक्षांहून अधिक डॉलर खर्चावे. आणि क्रीडागार संघानें स्वतःच्या पैशानें बांधावें. समर्थक म्हणत, टेकाडांची ही जमीन पडूनच होती, आतां तिच्यावर कर तरी मिळेल. विरोधक विचारीत, मग ‘सार्वजनिक कार्य’ तें कोणतें? दोघांच्या म्हणण्यांत अर्थ होता. प्रश्न मतदारांपुढें गेला. मतदानाच्या दोन दिवस आधीं दूरचित्रवाणीवर पांच तास प्रचार झाला, त्यांत पुढें राष्ट्राध्यक्ष झालेले नट रोनाल्ड रेगनही होते. 3 जून 1958 रोजीं करार मंजूर झाला; पावणेसात लाखांवर मतांत आधिक्य अवघें सुमारें 25,000 चें. पाठोपाठ खटले झाले, आणि 1959 च्या जानेवारींत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें करार वैध ठरविला.

तरीही कांहीं कुटुंबें जागा सोडीनात. 8 मे 1959 रोजीं शेरीफचे शिपाई आले. एका बाईस हातापायांना धरून पायऱ्यांवरून खालीं आणलें गेलें, आणि मागोमाग घरांवर बुलडोझर फिरले. हें दृश्य छायाचित्रांतून देशभर गेलें. त्या कुटुंबानें तेथेंच तंबू ठोकला. परंतु शहरांत अन्यत्र त्यांचीं अनेक घरें असल्याचें वृत्तपत्रांनीं छापतांच लोकांची सहानुभूति आटली. हा न्याय विचित्रच म्हटला पाहिजे. ज्याला दुसरें घर आहे त्याला पहिल्या घराबद्दल दाद मागण्याचा अधिकार उरत नाहीं, असें कोणत्या कायद्यांत लिहिलें आहे?

बांधकाम 1959 च्या सप्टेंबरांत सुरू झालें. पैसा उभा करतांना ओमॅलींनीं युनियन ऑईल कंपनीचें कर्ज घेतलें आणि बदल्यांत तिला क्रीडागारांतील जाहिरातींचा हक्क दिला. एमिल प्रेगर ह्या इंजिनियरची योजना खरोखर नामी होती. सुमारें 80 लक्ष घनयार्ड माती हालवून टेकडीलाच पायऱ्या पाडल्या, आणि प्रत्येक सज्जाच्या उंचीवर बाहेर मोटारींसाठीं सपाट जागा काढली. त्यामुळें वरच्या सज्जांत बसणाऱ्यासही फारसे जिने चढावे लागत नाहींत. खर्च सुमारें 2 कोटि 30 लक्ष डॉलर आला. 10 एप्रिल 1962 रोजीं 56,000 आसनांचें हें क्रीडागार उघडलें, तेव्हां खेळाडूंच्या बसण्याच्या जागा सोडल्यास प्यायच्या पाण्याचा नळ कोठेंही नव्हता! उपाहारगृहांतून पेयें मात्र मुबलक होतीं. पहिल्याच हंगामांत 27 लक्षांवर प्रेक्षक आले. हें क्रीडागार आजही वापरांत आहे.

पालो व्हर्देची शाळा सपाटीकरणाच्या वेळीं छप्पर काढून मातीनें भरून टाकण्यांत आली. तिच्यावरून आतां मोटारी जातात. त्या तीन वाड्यांतील माणसें आणि त्यांचे वंशज ‘लोस देस्तेरादोस’, म्हणजे देशोधडीला लागलेले, ह्या नांवानें शेजारच्या उद्यानांत वार्षिक मेळावा भरवीत आले आहेत. 2024 सालीं त्यांच्या नुकसानभरपाईचा विचार करणारें विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें मंजूर केलें. राज्यपालांनीं त्यास संमति दिली नाहीं.