झटका ओसरल्यावर

सदाशिव पेठेंतील एखादा वृद्ध गृहस्थ अर्धांगवायूच्या झटक्यांतून उठून काठी टेकीत पुन्हां भिकारदास मारुतीच्या दर्शनास जाऊं लागला, म्हणजे घरच्यांचा जीव भांड्यांत पडतो. 'आतां बरे झाले,' असें शेजारी म्हणतात. परंतु कांहीं महिन्यांनीं तोच गृहस्थ किल्ल्या कोठें ठेवल्या तें विसरतो, क्षुल्लक कारणानें चिडतो, नाहीं तर खिडकीपाशीं निमूट बसून राहतो. मग 'हट्टी', 'आळशी' अशीं विशेषणें त्याच्या वांट्यास येतात. हा दोष स्वभावाचा कीं मेंदूचा? या प्रश्नावर प्रयोगशाळेंतील उंदरानें पुष्कळ प्रकाश पाडला आहे.

उंदरास भूल देऊन, मानेंतील रक्तवाहिनींतून बारीक तंतु सरकवून, मेंदूच्या मधल्या धमनीचा प्रवाह कांहीं काळ अडवितां येतो. रक्त न मिळालेला भाग मरतो. शुद्धीवर आलेला उंदीर प्रथम एका अंगास कलतो व गोल गोल फिरतो. पण थोड्याच दिवसांत तो पळूं लागतो आणि वरवर पाहणाऱ्यास निरोगी वाटतो. मात्र अरुंद दांडीवरून चालतांना किंवा फटींतून दाणा उचलतांना त्याचा पंजा चुकतो, आणि ही उणीव दीर्घकाळ टिकूं शकते.

याहून गंभीर गोष्ट अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केली. झटक्यानंतर एका आठवड्यानें त्यांच्या उंदरांची स्मृति शाबूत होती; सात आठवड्यांनीं ती ढासळली. मेंदूच्या मृत भागांत रक्तांतील 'बी' जातीच्या पांढऱ्या पेशी मागाहून जमल्या होत्या. ज्या उंदरांत या पेशी नव्हत्या, त्यांची स्मृति मात्र बिघडली नाहीं. आग विझली तरी राखेखालीं निखारा धुमसत राहावा, तसाच हा प्रकार.

दुसरा धडा काळाचा. कॅनडांत मोठ्या जातीच्या उंदरांवर झालेले प्रयोग २००४ सालीं प्रसिद्ध झाले. पांचव्या दिवसापासून पंजास व्यायाम दिला तेव्हां मोठी सुधारणा झाली. तिसाव्या दिवसापासून दिला तेव्हां तो जवळजवळ व्यर्थ ठरला.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हें खरें. उंदरांस गुणकारी ठरलेलीं अनेक औषधें मनुष्यांत निष्फळ ठरलीं आहेत. तथापि झटक्यानंतर विस्मृति व औदासीन्य पुष्कळ रुग्णांस ग्रासतें, हें वैद्यकास चांगलें ठाऊक आहे.

शिवाय हा रोग केवळ शहरांतील पेन्शनरांचा नव्हे. गडचिरोली जिल्ह्यांतील ८६ गांवांत 'सर्च' संस्थेनें २०११ ते २०१३ या दोन वर्षांतील मृत्यूंचा तपास केला; १५९९ पैकीं २२९ मृत्यु अर्धांगवायूनें झाले होते. जे वांचतात, त्यांचा भार बहुधा घरावरच असतो.

म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें व्यायाम लवकर सुरू करावा, रक्तदाबाचें औषध मध्येंच सोडूं नये, आणि रुग्ण चालूं लागला तरी पुढील महिन्यांत त्याची स्मृति व मनःस्थिति तपासून घ्यावी. औदासीन्यावर उपचार आहेत. पाय चालूं लागला तरी मेंदूचें दुखणें सरलेलें नसतें. विसरणाऱ्यावर रागावण्यापूर्वीं घरच्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.