ग्रंथाचा हक्क आणि विद्यार्थ्याची गरज

मराठी ग्रंथाचे पहिले पान उलटले की मागील बाजूस बारीक टाइपात 'सर्व हक्क स्वाधीन' हे तीन शब्द आढळतात. वाचकाचे तिकडे सहसा लक्ष जात नाही. हे हक्क कोणाचे, ते कोणी दिले आणि त्यांची हद्द कोठे संपते, असे प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येतात. उच्च शिक्षणाच्या बाबतीत हे प्रश्न भारतीय न्यायालयापुढे उभे राहिले ते एका झेरॉक्सच्या दुकानामुळे.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात 'रामेश्वरी' नावाचे हे दुकान विद्यापीठाच्या परवान्याने चाले. विद्यार्थ्यांसाठी दर पानास ४० पैसे, असा ठराव होता. अध्यापक अभ्यासक्रमास लागणारा मजकूर निरनिराळ्या ग्रंथांतून नेमून देत. कोठले एखादे प्रकरण, तर कोठली काही पाने. दुकानदार त्यांच्या प्रती काढून, एकत्र बांधून, विद्यार्थ्यांना अभ्याससंच म्हणून विकी. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दुकान व विद्यापीठ या दोहोंवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ६० लाख रुपयांची भरपाई मागितली. ऑक्टोबरात तात्पुरता मनाई हुकूम झाला व संचांची विक्री थांबली.

प्रकाशकांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते, असे नव्हे. ग्रंथाच्या संपादनास, छपाईस पैसा लागतो. प्रती काढण्याची परवानगी शुल्क घेऊन देणारी संस्थाही होती. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमाने अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीस सूट दिली आहे, हे त्यांस ठाऊक होते. परंतु नफ्यासाठी यंत्र फिरविणारा दुकानदार ना शिक्षक, ना विद्यार्थी. आणि अध्यापन म्हणजे वर्गात चालते तेवढेच, असा त्यांचा अर्थ होता.

उलट बाजूस विद्यार्थी व अध्यापक यांच्या संघटना न्यायालयात उभ्या राहिल्या. एकेका विषयासाठी अनेक महागडे ग्रंथ लागतात आणि प्रत्येकातील थोडीच पाने वाचावयाची असतात. ते सारे विकत घेणे सामान्य घरच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नव्हते. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, तीनशेहून अधिक विद्वानांनी प्रकाशकांस दावा सोडण्याची विनंती केली, आणि ज्यांच्या पुस्तकांवरून दावा गुदरला होता असे काही लेखकही त्यांत होते. अमर्त्य सेन यांनीही ऑक्सफर्डचे लेखक या नात्याने याच आशयाचे पत्र लिहिले. विद्यापीठीय लेखकाचा चरितार्थ बहुधा पगारावर चालतो. आपले लेखन वाचले जावे, ही त्याची पहिली इच्छा. लेखकाच्या नावाने मागितलेला हक्क लेखकालाच नको होता!

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा काढून टाकला. स्वामित्वहक्क हा निसर्गदत्त वा ईश्वरदत्त नसून कायद्याने दिलेला आहे. तेव्हा ज्या कृतीस कायदाच सूट देतो, तिच्यामुळे त्या हक्काचा भंग होत नाही, असा निकालाचा गाभा होता. पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरून घेत. तेच काम यंत्राने झटपट होऊ लागले म्हणून तो अपराध कसा ठरावा, असेही न्यायमूर्तींनी विचारले.

प्रकाशकांनी अपील केले. ९ डिसेंबर २०१६ च्या निकालात द्विसदस्य पीठाने किती पाने घेतली हे मोजण्याचे नाकारले. तो मजकूर अध्यापनास आवश्यक होता की नाही, एवढीच कसोटी ठेवली. आणि अध्यापन हे वर्गाच्या चार भिंतींत संपत नाही, हेही मान्य केले. मात्र या संचांतील मजकूर त्या कसोटीस उतरतो काय, आणि संपूर्ण ग्रंथाचीच प्रत काढावी काय, हे पुराव्याने ठरवावे म्हणून दावा पुन्हा सुनावणीस ठेवला. मनाई हुकूम दिला नाही. दुकानदारास संचांचा हिशेब ठेवावयास सांगितले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला. शुल्क घेणाऱ्या संस्थेचे अपील त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले.

विजय झाला खरा; तथापि तो अपुरा. पुरावा पुढे आलाच नाही. शिवाय दिल्लीचा निकाल पुण्याच्या वा नागपूरच्या न्यायालयास मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे. महाविद्यालयाच्या फाटकासमोरचा मराठी दुकानदार आजही या निकालाच्या सावलीत उभा आहे, छपराखाली नाही.

यास दुसरी वाट लेखकाच्याच हाती आहे. 'माझे नाव सांगा आणि खुशाल प्रत काढा', असे ग्रंथावर आधीच छापता येते. २००२ पासून 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे तयार परवाने त्यासाठी उपलब्ध आहेत. प्राध्यापक ते का वापरत नाहीत? बढतीच्या वेळी प्रतिष्ठित प्रकाशकाचे नाव मोलाचे ठरते, आणि तो प्रकाशक बहुधा हक्क लिहून मागतो. कागदावर सही करताना किती जण तो वाचतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत वाचावयास मिळावीत, म्हणून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. लहान गावच्या सरकारी महाविद्यालयाला ही मोठीच सोय होय. पण त्या नियतकालिकांत भारतीय प्राध्यापकांचेही लेख असतात. ते लिहिताना त्यांचा पगार बहुधा सरकारी तिजोरीतूनच झालेला असतो, आणि आता तेच लेख वाचण्याची वर्गणीही त्याच तिजोरीतून जाते.